शारदाकाकूच्या नावावरचा लाल ठिपका

वऱ्हाडातला माणूस दिवाळी अंकात लिहून राहिला, अन् तेही मनाच्या दुखण्यावर, असं म्हटल्यावर तुमी आतापर्यंत रुमाल काढून मांडीवर ठेवला असन. ठेवा परत खिशात. आता भेगा पडलेली जमीन येईन, मंग कपाळाले हात लावून बसलेला माणूस येईन, असं वाटून राहिलं असन तं तसं काही येणार नाही. माया गोष्टीत एक मशीन हाये, एक मॅडम हायेत, एक म्हातारी हाये जिले काहीच झालं नव्हतं, अन् एक बाई हाये जी अख्ख्या गावाचे फॉर्म भरते. एक बकरीही हाये, पण ती मीच हावो. ते पुढं येईन.

अनुभव सांगणारा माणूस रिटायर झालेला पाह्यजे, डोक्यावर केस कमी पाह्यजे, असंही काही लोकायले वाटते. मी सत्तावीस वर्षांचा हावो, अन् केस भरपूर हायेत. संपादकायले मी हे फोनवर आधीच सांगतलं, अन् त्यायच्याच आवाजात सांगतलं. ते म्हणे, लिहा.

माया शिक्षणाचं सांगायचं तं शाळा तिवस्याची. वर्गात मी हेडमास्तरचा आवाज काढून पोरायले सुट्टी द्यायचो. एसटीचा कंडक्टर, मंडीत तुरीचा हर्रास बोलणारा, लग्नात माइकवर वऱ्हाड्यायले जेवाले बोलावणारा, सगळे माया गळ्यात राहत. बकरी तं इतकी बरोबर निघे की एकदा खरी बकरी माया मागं घरापर्यंत आली. घरचे म्हणत, याचं पुढं कसं होईन. पुढं असं झालं की मले नोकरी आवाजाचीच लागली.

अकोल्याले जठारपेठेत एका कपड्याच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, तीन टेबलं अन् एक कॉम्प्युटर. अकोला अन् अमरावती जिल्ह्यातल्या काही गावायत ज्यायनं नाव लिहून दिलं, त्यायले दर सोमवारी फोन जाये. फोन माणूस करत नसे, कॉम्प्युटर करे. भरलेला आवाज सात प्रश्न इचारे. होय असन तं एक दाबा, नाही असन तं दोन. सात झाले की बीप वाजे, अन् मंग मनात जे असन ते आपल्या तोंडानं बोलायचं. यावरून नावापुढं ठिपका लागे. हिरवा म्हंजे बरं चालू हाये. पिवळा म्हंजे पुढच्या सोमवारी लक्ष ठेवा. लाल म्हंजे मॅडमनं दुसऱ्या दिवसाच्या आत त्या माणसाशी स्वतः बोलायचं.

मॅडम म्हंजे वानखडे मॅडम. अमरावतीच्या, मनाच्या दुखण्याचं रीतसर शिकलेल्या. इतक्या गावायले एकटी बाई पुरत नाही म्हणून तं मशीन आणली होती. मॅडमनं मले पह्यल्याच दिवशी सांगतलं, "मशीन कोणाला बरं करत नाही. ती फक्त दार वाजवते. आत माणसालाच जावं लागतं." मॅडम एरवी पुस्तकातलं मराठी बोलत. रागावल्या की अमरावतीच्या होत. हे ध्यानात ठेवा.

माया आधी ते सात प्रश्न बाहेरून आलेल्या एका बाईच्या आवाजात भरले होते. आवाज छान, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा. "मागील दोन आठवड्यांत आपल्याला नैराश्य जाणवले का?" लोकायले वाटे, बियाण्याच्या कंपनीचा फोन हाये. एका आबानं बीप वाजल्यावर इचारलं की हे फवारायचं का मुळाशी टाकायचं. त्याच्या नावापुढं ठिपका हिरवा लागला. बाकीच्यायनं हळूहळू फोन उचलणंच सोडलं.

मंग मॅडमनं गावचा आवाज धुंडाळला, अन् कोणीतरी मले बळीचा बकरा केलं. खाली दुकानाच्या मागं कपड्याच्या गाठी ठेवायची खोली होती. बाहेरचा हॉर्न तिथी ऐकू येत नसे. त्या गाठीयमंधी बसून मी प्रश्न बोलायचो, अन् सलीमभाई ते भरून घ्यायचे. सलीमभाई अकोल्याच्या जुन्या शहरातले, कॉम्प्युटर त्यायच्या ताब्यात. नैराश्याचं आमी केलं, "कामात जीव लागत नाही काय?" एकेका वाक्यावर दोन दोन दिवस भांडण चाले. मी सोपं करत नेई अन् मॅडम म्हणत, सोपं झालं पण त्यातलं दुखणं गळालं, परत बोल.

सातवा प्रश्न जगणं नकोसं वाटते काय, याबद्दलचा होता. मॅडमनं ताकीद दिली की यात कोणाचा आवाज काढायचा नाही. साधं बोल, तुझ्या आवाजात. मी बोललो. सलीमभाई म्हणे, "ये तो तेरा कंडक्टर है." परत बोललो. "अब हेडमास्टर आ गया. अरे यार, तू कहाँ है इसमें?" त्या एका वाक्याले अख्खी दुपार गेली. शेवटी थकल्यावर जे निघालं ते मॅडमनं ठेवलं.

लोक फोन उचलाले लागले. महादेवराव नावाचे एक म्हातारे बीप झाल्यावर मशीनले जेवाचं इचारत. मशीन काही बोलत नाही, हे पाहून म्हणत, बरं, कामात असशीन. आमाले ऑफिसवाल्यायलेही सोमवारचा फोन येई. मॅडमचा नेमच होता, जे दुसऱ्याले इचारतो ते आपणही सांगायचं. मी सात वेळा दोन दाबे, अन् बीपनंतर दर सोमवारी नव्या आवाजात सांगे की सर्व झकास. माया ठिपका कायम हिरवा.

पण फोन उचलला म्हंजे उत्तर मिळालं, असं नसते. आमच्याकडं फोन कानाले लावत नाहीत, हातात आडवा धरून स्पीकरवर टाकतात. मशीन एकाले इचारे अन् उत्तर अख्खी ओसरी देई. "आबा, झोप उडाली काय म्हणते. दोन दाबा, कालच तं घोरून राहिले होते." हे तरी हसण्यासारखं होतं. पण घरातल्या सुनेले झोप लागते का नाही, हे सासू-सासऱ्यासमोर स्पीकरवर कोणती सून सांगन? अन् बऱ्याच बायायजवळ तं फोनच नव्हता. फोन नवऱ्याचा, नाही तं पोराचा. ज्यायले सगळ्यात जास्त इचाराले पाह्यजे होतं त्याच मशीनच्या बाहेर होत्या.

म्हणून मॅडमनं एक सोय केली. जिच्याजवळ फोन नाही तिचं नाव दुसरीच्या नंबरावर जोडायचं. मशीन एकामागून एक नाव घेईन, अन् ज्याची पाळी त्यानं येऊन बोलायचं. सोय चांगली होती. त्या सोयीतूनच ही गोष्ट झाली.

तिवस्याहून आत एक गाव हाये, नाव लिहीत नाही. माणसायची नावंही बदलली हायेत, ज्यायची गोष्ट त्यायले इचारून. तिथल्या बायायच्या बचत गटात मी नावं लिहून घ्याले गेलो होतो. बाया बुजून बसल्या होत्या म्हणून मी बकरीचा आवाज काढला. सगळ्या हसल्या. एक मात्र हसली नाही, कान देऊन ऐकत होती, जसा एक न्हावी दुसऱ्या न्हाव्याची कात्री पाह्यते. ती वंदनाताई. गटाची सेक्रेटरी, बारावी शिकलेली, मांडीवर नऊ-दहा महिन्यायचं लेकरू. नवरा कपाशी गेल्यापासून दूरच्या एका शहरात कंपनीत लागला होता, सणाले येई.

त्या सालायत कपाशीले लागोपाठ बोंडअळी लागली, अन् गावात पिकापेक्षा फॉर्म जास्त आले. विम्याचा फॉर्म, नुकसानीचा फॉर्म, निराधारचा, गॅसचा, आधार जोडायचा. ते सगळे वंदनाताई भरे. तिच्या दाराशी लोक कागद घेऊन बसत. ती नाव इचारे, वय इचारे, बाकीचं तिले पाठच राहे. कोणाची जमीन किती, कोणाले पोरं किती, सगळं. "तू भरून टाक वो वंदना," म्हणून माणूस अंगठा देऊन वावरात निघून जाये. तिच्या नंबरावर पाच बायायची नावं जोडली. चार दुसऱ्यायची अन् एक तिचं.

त्या पाचही जणी नेमानं उत्तरं देत. एकही सोमवार चुकला नाही. मॅडम आमाले त्या गावाचं उदाहरण देत.

मंग एका सोमवारी तिथून लाल ठिपका आला. वंदनाताईच्या नंबरावर जोडलेल्या शारदाकाकूच्या नावावर. मॅडमनं फोन केला तं वंदनाताई म्हणे, काकू वावरात गेली. मंग मॅडम अन् मी गाडी करून गावात गेलो. शारदाकाकू साठी ओलांडलेली बाई, दाराशी बसून अंबाडी निवडत होती. मॅडमनं हळूहळू इचारलं. झोप? काकू म्हणे, लागते ना बाई, दुपारी पण लागते. भूक? भाकर लागते, दात नाही लागत. काकूनंच उलट मॅडमले इचारलं की तुमी कोठचे, अन् इतक्या वाळल्या काहून. आमी चहा पिऊन परत आलो. रस्त्यानं मॅडम म्हणाल्या, दुखणं लपवून हसणारे लोक पाहिले आहेत मी, पण ही बाई खरंच हसत होती.

पुढच्या सोमवारी शारदाकाकू परत लाल.

बीपनंतरचं बोलणं फक्त मॅडमनं ऐकायचं, असा नियम होता. लोकायनं त्याच भरवशावर तोंड उघडलं होतं. मॅडम त्या दोन दिवस मीटिंगले अमरावतीले गेल्या होत्या, अन् जाताना फोन केला तं काकू परत वावरात, म्हणून सांगून गेल्या होत्या की आल्यावर मी परत गावात जाईन. मले दम निघाला नाही. सलीमभाईले म्हटलं, आवाज बरोबर भरते का नाही ते पाहू. ते म्हणे, "देख भाई, ये मॅडम का डब्बा है. मैं चाय पीने जा रहा हूँ, मैंने कुछ देखा नहीं." ते चहाले गेले अन् मी कानाले लावलं.

शारदाकाकूचाच आवाज. दात नसलेल्या तोंडातून हवा सुटते तशी, दर वाक्याआधी "आवं बाई". म्हणत होती, सकाळी उठावं वाटत नाही. चुलीसमोर बसलं की बसूनच राहावं वाटते. लेकरू रडलं की त्याचा राग येते. मंग त्या रागाचं भेव वाटते.

लेकरू? काकूचे नातू अकोल्याले कॉलेजात होते. घरात लेकरू कोणाचं?

मी ते चारदा ऐकलं. मंग त्या नंबरावरच्या बाकीच्या बाया ऐकल्या. एक चिरकी, एक घोगरी, एक तोतरं बोलणारी. एकीपेक्षा एक. पण मले ओळखू आलं, कारण धंदा माया होता. आवाज बदलता येते, बोलायची तऱ्हा बदलता येते. पण वाक्य सुरू करायच्या आधी आपण जो दम घेतो तो बदलाचं कोणाले सुचत नाही. पाचही बायायचा दम एकच होता. नाकातून, छोटा, घाईचा. बोलून राहिली होती वंदनाताई.

तिनं काही लबाडी केली, असं तिले वाटतच नव्हतं. गावात कागद आला की वंदना भरते. हाही एक फॉर्मच, तोंडी. बाया म्हणाल्या असन, तूच बोलून टाक वो, आमाले वावरात निंदायले जायचं हाये. मशीननं ओळखू नये म्हणून तिनं आवाज काढले. बाकीच्या तिघींचं तिनं अंदाजानं बरं-बरं सांगतलं, आपलं दुखणं काकूच्या नावानं सांगतलं. स्वतःच्या नावात सात वेळा दोन दाबलं. बीपनंतर म्हणे, सर्व ठीक.

मॅडमले फोन करायचा सोडून मी मले स्वतःले शाबासकी देत बसलो. माया डोक्यात भलतंच आलं. ही बाई माणसाले सांगत नाही, मशीनले सांगते. मंग मशीनच तिले इचारन. मशीनचा आवाज कोणाचा? माया. बुधवारी दुपारी मी ऑफिसच्या नंबरावरून फोन लावला.

"नमस्कार. हा सोमवारचा फोन आहे."

तिकडून आवाज आला, "आज बुधवार हाये."

मी मशीनच्याच आवाजात म्हटलं की मागच्या सोमवारचा एक प्रश्न राहिला आहे, शारदासाठी एक दाबा, वंदनासाठी दोन दाबा. तिनं एक दाबलं. मी इचारलं, "लहान लेकरू रडलं की राग येते काय? बीपनंतर बोला." अन् तोंडानं बीप वाजवली.

मागं लेकरू कुरकुरत होतं. मंग तिनं तो छोटा दम घेतला अन् बोलली, पण काकूच्या नाही, आपल्या आवाजात.

"हा प्रश्न सातात नाही. अन् ही बीप तोंडाची हाये. कोण हाये?"

पळून जावंसं वाटलं. पण फोन ठेवला असता तं तिनं परत मशीनलेही तोंड उघडलं नसतं.

"पंकज. तिवस्याचा. गटात आलो होतो, बकरीवाला."

"कोणाले सांगतलं?"

"कोणाले नाही."

"ऐकलं किती?"

"सगळं, ताई."

ती गप्प झाली. लेकराचं रडणं वाढलं, अन् ती त्याले घेतही नव्हती, फोनही ठेवत नव्हती. आमच्या भिंतीवर मॅडमचा कागद लावला होता, अडचणीतल्या माणसाशी काय बोलायचं याचा. मी तो वाचाले लागलो. तुम्ही सांगितलंत हे चांगलं केलंत, तुम्ही एकट्या नाही.

"हे कोणाचं बोलून राहिले, भाऊ?" ती म्हणे. "मॅडमचा आवाज काढू नोका."

मंग माया जवळ काढाले कोणताच आवाज उरला नाही. मी सातवा प्रश्न इचारला, जसा निघाला तसा. "ताई, जगणं नकोसं वाटते काय?"

"तितकं नाही," ती म्हणे. "पण लेकरावर माया हात पडन का काय, असं वाटते. तव्हा मी त्याले खाली ठेवून अंगणात निघून जाते."

मी इचारलं, काकूच्या नावानं काहून सांगतलं. ती लेकराले उचलत उचलत सांगाले लागली, अन् तिच्या बोलण्यात मले पह्यल्यांदा घाई दिसली नाही. शारदाकाकूले गावात कोणी बोल लावत नाही. काकूच्या नावानं लाल झालं तं लोक म्हणतीन, म्हातारी झाली. तिच्या नावानं लाल झालं असतं तं सासूले समजलं असतं, सासूनं तिकडं नवऱ्याले फोन केला असता, तो काम सोडून आला असता. "अन् येड लागलं म्हटल्यावर माया हातचा फॉर्म कोण घेईन? लोकायचे कागद हायेत माया जवळ, भाऊ."

मी म्हटलं, मॅडमशी बोला. तिनं लगेच हो म्हटलं नाही. घरी यायचं नाही. गावात गाडी आणायची नाही. ती दर शुक्रवारी कागद जमा कराले तिवस्याले येते, तव्हा कुठी बसता आलं तं पाहा. अन् एक अट अजून. शारदाकाकूले तिचं नाव वापरल्याचं तीच सांगन, आमी कोणी नाही.

मॅडम आल्याबरोबर मी सगळं सांगून टाकलं. त्यायनं फक्त दोन गोष्टी इचारल्या. सातवा प्रश्न इचारला काय, अन् ती काय म्हणे. त्यायनं तव्हाच दार लावून वंदनाताईले फोन केला. मले म्हणाल्या, "तुझ्याशी शुक्रवारचं झाल्यावर बोलू."

शुक्रवारी तिवस्याच्या दवाखान्यात आमाले एक खोली मिळाली. वंदनाताई आली, खांद्यावर कागदायची पिशवी. मागून शारदाकाकू, कडेवर लेकरू. मी काकूकडं पाहू का नाही, असं करून राहिलो होतो. काकूच म्हणे, "माया नावानं रडली ना? रडू दे बापा. मले काय कमी झालं? इतक्या वर्षात कोणी मले झोप लागते काय म्हणून इचाराले गाडी करून आलं नव्हतं." अन् बाहेरच्या बाकड्यावर ते लेकरू मांडीवर घेऊन बसली. मी बकरी काढली. लेकरू जोरात रडाले लागलं. काकू म्हणे, तू बाजूले हो.

आत दोन घंटे गेले. एकदा रडण्याचा आवाज आला, मंग बराच वेळ नुसतं बोलणं. वंदनाताई बाहेर आली तव्हा तिचं तोंड सुजलं होतं. तिनं पिशवी उघडून पाह्यली, कागद मोजले, काकूच्या मांडीवरच्या लेकराकडं पाह्यलं. घेतलं नाही. त्याच्या पायाचा अंगठा धरून उभी राह्यली. मॅडमनं तिची दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईशी गाठ घालून दिली, औषधाचं त्या पाहणार होत्या. अन् दर शुक्रवारचा वेळ ठरवून दिला.

पुढं लय दिवसायनं ती सुधारली, हे आताच सांगून टाकतो, म्हंजे तुमाले धाकधूक नको. एका फेरीत निघालं नाही ते. मधी दोनदा लालही झाली, पण आपल्या नावानं. नवऱ्यालेही तिनंच सांगतलं, तयारी झाल्यावर. आमचं मशीनही बदललं. एका नंबरावर नावं जोडणं बंद झालं. ज्यायच्याजवळ फोन नाही अशा बायायसाठी गटाच्या बैठकीत एक फोन अन् एक रिकामी खोली, एकेकीनं आत जायचं. सोमवारच्या फोनात आता पह्यला प्रश्न हा हाये, की आता बोलता येते काय, जवळ कोणी असन तं तीन दाबा, आमी मंग करू. तीन दाबणारे किती निघाले, हे पाहून सलीमभाईनं कपाळाले हात लावला. त्या आधीच्या हिरव्या ठिपक्यायतले खरे किती, हे आजही कोणाले माहीत नाही.

मले कोणी शाबासकी देईन, असं मले त्या शुक्रवारी वाटत होतं, खोटं कशाले सांगू. वंदनाताई अन् काकू गेल्यावर मॅडम बाकड्यावर बसल्या. सकाळपासून त्यायच्या पोटात काही नव्हतं. मी डबा उघडून समोर ठेवला. त्यायनं झाकण लावलं.

सुरुवात पुस्तकातल्या मराठीत झाली. ज्या बायकांनी विश्वासानं आवाज दिला, त्यांचं तू चोरून ऐकलंस. एकीचं नाही, पाच नावांचं. मशीन असल्याचं खोटं सांगून एका आजारी बाईला फोन केलास. तिनं फोन ठेवला असता आणि परत कधीच कोणाला काही सांगितलं नसतं, तर? मी म्हटलं, पण मॅडम, ती आली ना. "ती आली म्हणून तू केलेलं बरोबर होत नाही. ती आली ते तिच्या हिमतीनं. आणि बीप ओळखण्याइतकी ती हुशार म्हणून. आमचं नशीब." सलीमभाईचा हिशेब वेगळा होईन म्हणाल्या. चहा पिल्याचाही.

मंग पिशवीतून एक कागद काढला. घटना नोंद. आपल्या हातून चूक झाली की भरायचा फॉर्म. मी म्हटलं, मॅडम, तुमीच भरा ना, तुमचं मराठी चांगलं हाये, मी सही करतो. मॅडम माया तोंडाकडं पाहत राह्यल्या. मले मायंच बोलणं मंग ऐकू आलं.

तिथीच बाकड्यावर बसून भरला. काय घडले, याले चार ओळीची जागा होती. मी मागचं पान भरलं, वरून अजून एक जोडलं. लेखणी थांबेना. काकूचं बोलणं जसंच्या तसं, सलीमभाईचा डब्बा, बुधवार-सोमवार, तोंडाची बीप, सगळं. वाचताना मॅडमले हसू येईन, असं दोन-तीन जागी केलं होतं. आता तुमी जे वाचून राहिले ते त्यातूनच निघालं हाये, थोडं कमी-जास्त.

मॅडमनं सगळं वाचलं. हसल्या नाहीत. कागद माया मांडीवर ठेवला अन् बोट ठेवून इचारलं, "ती गप्प झाली, असं लिहिलंस. लेकरू रडत होतं, असं लिहिलंस. तेव्हा तुला काय होत होतं?"

मी म्हटलं, काही नाही, मॅडम. म्हटल्यावर मलेच ते सोमवारच्या उत्तरासारखं वाटलं. मंग म्हटलं, घाबरलो होतो. फोन हातात धरवेना, म्हणून टेबलावर ठेवून बोलत होतो. त्या दिवसापासून झोप नाही. दर सोमवारी दोन दाबून राहिलो, ते बरेच दिवसायपासून खोटं हाये.

अन् तिथी मॅडम अमरावतीच्या झाल्या.

"मंग ते लिही ना, बाप्पा! तीन पानं भरली अन् त्यात सगळ्यायचे आवाज हायेत, तुया कुठी हाये? ती बाई चौघींचं भरून आपल्यात ठीक लिहिते म्हणून आपण गाडी करून गावात जातो, अन् तू माया टेबलाले टेबल लावून बसते अन् हिरवा भरते? काहून? दुसऱ्याले इचाराचं तं कोणत्या तोंडानं इचारशीन? घे, परत भर. अन् बकरी काढू नोको."